दोन स्वरांचा शाप

एका राज्यात लोकांच्या बोलण्यावर शाप पडला. कालकंठ नावाच्या मांत्रिकाने दरबारात मंत्र म्हटला, राजाने त्यात उच्चाराची चूक काढली आणि दरबार हसला. कालकंठ म्हणाला, "यापुढे तुमच्या जिभेवर दोन स्वर शेजारी टिकणार नाहीत. एक दुसऱ्याला गिळेल."

तसेच घडले. भाऊचा भो झाला, मऊचे मो झाले, आईचे नुसते ए उरले. हाक गेली तशी ओळखही गेली. बायका आपल्याच लेकरांना विचारू लागल्या, "तू कोणाचा रे?"

राजकन्या कुवलया आपल्या आईच्या, राणीच्या महालात गेली. राणीने तिला आसन दिले आणि विचारले, "आपण कुठल्या देशाच्या?"

कुवलयाने त्याच पावली घोडा काढला. राजवाड्यातली बोलकी साळुंकी वैखरी तिच्या खांद्यावर बसली. शाप तिलाही होता. ती म्हणाली, "कालकंठाच्या डोंगराला तीन दारे आहेत. प्रत्येक दार दोन शेजारी स्वरांचा शब्द मागते. तिन्ही उघडली की शाप सुटेल. दोन शब्द फार जुने आहेत. मी तुकडे सांगते, जोडायचे तू."

पहिल्या दाराने विचारले, "चाळणीचे जुने नाव?"

"तितो," साळुंकीने सांगितलेले "तित" आणि "उ" जोडताना कुवलयाच्या तोंडून निघाले. दार तापले. तिने "तित" म्हणून जीभ दातांखाली दाबली. रक्त आले, तेव्हा कुठे "उ" वेगळा निघाला. तितउ. दार उघडले.

दुसऱ्याने विचारले, "रथाच्या दांड्यांच्या पुढच्या टोकाचे?"

कुवलया म्हणाली, "प्र." साळुंकी म्हणाली, "उग." दोन तोंडांतले स्वर शापाला गिळता आले नाहीत. प्रउग. तेही उघडले. तेवढ्यात कालकंठ समोर आला आणि त्याने साळुंकीचा दगड केला.

तिसऱ्याने विचारले, "जन्म देणारीचे?"

"ए," कुवलया म्हणाली. "आ" म्हणताना तोंड उघडे, जीभ चावता येईना. दिवस कलेपर्यंत ती म्हणत राहिली. घसा सोलला.

"परत जा," कालकंठ म्हणाला. "राणी तुला उपाशी ठेवणार नाही."

"पाहुणी म्हणून मला त्या घरात जेवायचे नाही."

तिने दाराकडे पाठ केली. खाली दूर आपले नगर दिसत होते. दाराला उत्तर देणे तिने सोडून दिले आणि शेतापलीकडून लेकरू घालते तशी हाक घातली. "आ" लांबला. शाप त्याला गिळायला धावला, पण तो संपेचना. त्याच श्वासावर तिने "ई" चढवला.

आई.

दार कोसळले. कालकंठाने मंत्र उच्चारला, पण शाप त्याच्यावरच उलटला आणि त्याचेच स्वर एकमेकांना गिळू लागले. साळुंकीने अंगावरचा दगड झटकला.

नगरात राणी केस विंचरता विंचरता उठली. "आले गं, कुवलये," म्हणत अनवाणी निघाली. गल्ल्यागल्ल्यांतून हाका उठल्या. राजाने डोंगरावर जाऊन कालकंठाची क्षमा मागितली, तेव्हा त्याचीही वाचा सुटली.

वाटेत राणीला कुवलया भेटली. जीभ सुजल्याने तिला बोलवत नव्हते. राणीने काही विचारले नाही. लेकीला घोड्यावरून उतरवून घेतले आणि घरी नेले. त्या दोघी जशा एकमेकींना सापडल्या, तसे ज्याचे माणूस त्याला सापडो.