लक्ष नसलेली मुलगी

शाळेच्या समुपदेशक केळुसकरबाईंच्या खोलीत संस्थेचे अध्यक्ष तणतणत शिरले. मागोमाग सातवीतली इरा, मान खाली घालून.

"बाई, माझं भाषण चालू असताना ही पोरगी हातावर पेनाने फुलं काढत बसली होती! हिचं कशातच लक्ष नसतं. तसा दाखला द्या, आजच हिला शाळेतून काढतो."

बाईंनी कागद पुढे ओढला. "इरा, साहेब काय म्हणाले गं?"

इराने अख्खं भाषण घडाघडा सांगितलं. साहेबांनी एक किस्सा दोनदा सांगितला होता, तोही तिने दोनदा सांगितला.

"आता साहेब, भाषणाआधी तुम्हाला पुष्पगुच्छ कुणी दिला?"

"असेल कुणीतरी पोरगी!"

"हीच ती." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "दाखला देते की. फक्त नाव कुणाचं घालू, तेवढं सांगा."