देशमुखांच्या कमरेचा संकल्प

नदीकाठच्या एका गावात रायाजीराव देशमुख राहत होते आणि सात वर्षे त्यांची कंबर दुखत होती. तेल झाले, लेप झाले, गरम विटेचा शेक झाला, ताईतही झाला. प्रत्येक उपायाने दोन दिवस बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गादी गाठावी लागे. वैद्य बदलत गेले, गादी तीच राहिली.

देशमुख धार्मिक होते, पण अंगाला त्रास होईल असा धर्म ते स्वतः करीत नसत. त्यासाठी विसूभट होते. देशमुखांनी पळीभर पाणी सोडून संकल्प करायचा आणि विसूभटांनी तो तडीस न्यायचा. देशमुखांची एकादशी विसूभट उपाशी राहून पाळीत. देशमुखांचा जप विसूभटांच्या तोंडून होई. देशमुखांच्या एकशे आठ प्रदक्षिणा विसूभट घालीत आणि पायही त्यांचेच सुजत. वीस वर्षे हा कारभार बिनबोभाट चालला होता. इतका जप बसून केल्यामुळे विसूभटही कमरेत वाकले होते. पण भटाची कंबर दुखते, ही काही गावाची बातमी नव्हे.

दसऱ्याला गावदेवीची पालखी निघे. पहिली सात पावले देशमुखांनी ती स्वतः खांद्यावर घ्यायची, नाहीतर हा मान चुलतभावाकडे जायचा, असा रिवाज होता. मागच्या दसऱ्याला सातव्या पावलावर रायाजीराव कण्हले. ते चुलतभाऊ हैबतरावांनी ऐकले आणि लगेच नवा फेटा आणवला.

पुढचा दसरा जवळ येऊ लागला तसे देशमुख घाबरले. त्यांनी तालमीच्या तुळाजी वस्तादांना बोलावले. वस्तादांनी पाठ चाचपली, वाकवून पाहिली.

"मोडलेलं काही नाही, सरकार. पडून पडून पाठ दुबळी झालीय. रोज सकाळी घोंगडीवर उताणं पडा, गुडघे दुमडा, कंबर उचला, दहा आकडे होईतो धरा. मग नदीपर्यंत चालत जा, चालत या. सुरुवातीला दुखेल, तरी बेतानं करत राहा. दसऱ्याला सहा महिने आहेत. खाडा नको."

"रोज?" देशमुखांनी विचारले.

"रोज."

वस्तादांची पाठ वळताच देशमुखांनी विसूभटांना हाक मारली. पळीभर पाणी सुटले, कमरेच्या आरोग्यासाठी यथासांग संकल्प झाला आणि दुसऱ्या दिवसापासून विसूभट घोंगडीवर उताणे पडू लागले.

देशमुख गादीवरून देखरेख करीत. विसूभट कंबर उचलत, तेव्हा देशमुख कण्हत.

"आज किती झाले?"

"वीस, सरकार."

"उद्या पंचवीस करा. माझी काळजी करू नका, मला सोसेल."

भर पावसातही विसूभटांचा खाडा झाला नाही.

दसरा आला. देशमुख निर्धास्त मनाने पालखीपाशी गेले. वाकले, दांडा खांद्यावर घेतला आणि मोठ्याने ओरडून जागच्या जागी दुमडले. ढोल थांबले. पालखी कलली. देवीचा मुखवटा घसरू लागला तशी बायकांनी किंकाळी फोडली. तेवढ्यात हातातल्या अक्षता टाकून विसूभट धावले. त्यांनी दांड्याखाली खांदा दिला, पाठ ताठ केली आणि सात पावले चालून गेले.

विसूभट इतके उंच आहेत, हे गावाला त्या दिवशी कळले.

"मान माझा!" हैबतराव फेटा सावरत म्हणाले.

"तुझा कसा?" देशमुख जमिनीवरून ओरडले. "विसूभट माझ्या वतीनं चालले. पावलं माझीच!"

वस्ताद पुढे झाले. "मग पाठही तुमचीच ताठ झाली असणार, सरकार. उठा."

देशमुखांना उठता येईना. मान गेला. चार गड्यांनी त्यांना खाटेवर घातले. खाट उचलली आणि देशमुखांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. मान गेल्याचे ते दुःख नव्हते. त्यांनी विसूभटांचा हात घट्ट धरला.

"विसूभट, व्यायाम तुमच्या पाठीला लागला. मग माझ्या वीस वर्षांच्या एकादश्या? त्या कोणाला लागल्या?"

विसूभट दचकले. हा प्रश्न त्यांनाही कधी पडला नव्हता.

"ते मला काय ठाऊक, सरकार? मी आपला उपाशी राहत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख स्वतः घोंगडीवर उताणे पडले. कंबर जेमतेम टीचभर उचलली गेली. विसूभट शेजारी बसून आकडे मोजत होते. पुढच्या एकादशीला देशमुखांनी जेवणाचे ताटही परत पाठवले. खबरदारी म्हणून.

तात्पर्य: पाठीचे जुने दुखणे व्यायामाने हटते, पण तो दुखणाऱ्या पाठीनेच रोज करावा लागतो; आपल्या नावाने दुसऱ्याने गाळलेला घाम त्याच्याच अंगी लागतो.