दवंडीवाल्याची आठवी गाठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यात एक दवंडीवाला होता. राजाचा हुकूम तो डफ वाजवून गावभर सांगायचा. त्याला लिहिता-वाचता येत नसे. म्हणून पुकारायच्या प्रत्येक गोष्टीसाठी तो डफाच्या दोरीला एक गाठ मारी, आणि मग बोटाने गाठी चाचपत एकेक गोष्ट सांगे. आजोबांपासून ही रीत चालत आली होती. एकही हुकूम कधी विसरला गेला नव्हता.

दवंडीआधी घसा मोकळा व्हावा म्हणून तो दारूचा एक घोट घेई. एकाचे दोन झाले, दोनाचा तांब्या झाला. पुढे पुढे दवंडी नसली तरी घसा मोकळा करणे चालूच राहिले! बायको माहेरी निघून गेली. लोक 'ए दारुड्या' म्हणून हाक मारू लागले. त्याचे खरे नाव कोणाच्या तोंडी उरले नाही.

एकदा राजाच्या मनात आले, की प्रजेची दारू सोडवावी. हा राजा स्वतः रोज चांदीच्या पेल्यातून पीत असे, पण चांदीच्या पेल्याला कोण नावे ठेवणार? त्याने दवंडीवाल्याला बोलावले.

"गावाबाहेर चुना मळायची पडीक घाणी आहे. काही दारुडे तिथे रोज दिवस कलताना जमतात म्हणे. त्यांची नावे घेऊन ये आणि बाजाराच्या दिवशी चव्हाट्यावर पुकार. लाज वाटली की सुटेल त्यांची दारू. एक जरी नाव राहिले, तर तुझा डफ गेला म्हणून समज."

डफ हेच त्याचे पोट आणि डफ हीच त्याची पत. तो डफ घेऊन झुलत झुलत घाणीवर गेला.

तिथे सात जण गोल बसले होते. एका म्हाताऱ्या कुंभारणीने त्याच्यापुढे गूळपाणी ठेवले. म्हणाली, "बस बाबा. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. एवढा एकच नेम हाय."

मग एकेक जण बोलू लागला. आपले नाव सांगायचा, दारूने आपले काय नेले ते सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "आज प्यालो नाही." एका विणकराने थंडीच्या दिवसांत लेकराचे घोंगडे विकले होते. कुंभारीण म्हणाली, "माझ्या हातनं नातू पडला. अजून लंगडतोय." दवंडीवाला धोतराआड गाठी मारत होता. सात नावे, सात गाठी.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"मी कामासाठी आलोय," तो गुरकावला.

"पैल्या दिवशी आम्ही समदे कामासाठीच आलो हुतो," कुंभारीण म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

त्याला भयंकर राग आला. तो उठून तडक गुत्त्यावर गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने तांब्याला हात लावला नाही आणि दिवस कलताना तो पुन्हा घाणीवर हजर! नावे तर मिळाली होती. मग आलो कशाला, हे त्याचे त्यालाच कळेना.

"मी सटवाजी," तो म्हणाला. स्वतःचे नाव त्याला परके वाटले. "मी तुमची नावं घ्यायला आलो हुतो."

"ठावं हाय," कुंभारीण म्हणाली. "डफ घिऊन कोण गूळपाणी प्यायला येतं? पुढं बोल."

"आज प्यालो नाही. उद्याचं सांगता येत नाही."

"उद्याचं उद्या बघू."

त्याने दोरीला आठवी गाठ मारली. मग तो रोज जात राहिला.

सातव्या दिवशी बाजार भरला. राजा सदरेवर बसला होता. गर्दीत ते सातही जण उभे होते. एकही पळाला नव्हता. घोट घेतल्याशिवाय आवाज फुटेल का, हीच सटवाजीला धास्ती होती. त्याने डफावर थाप मारली आणि सर्वांदेखत सात गाठी सोडल्या.

"ऐका हो ऐका! घाणीवर बसणाऱ्यांत एक सटवाजी दवंडीवाला हाय! सहा दिस झाले, थेंब घेतला नाही! बाकीची नावं ज्याची त्यानं सांगायची, मी सांगणार नाही! कुणाला सोडायची असंल त्यानं माझ्यामागं यावं, वाट मी दावीन!"

"डफ काढून घ्या!" राजा ओरडला. शिपायाने डफ हिसकावला.

"न्या की महाराज," सटवाजी म्हणाला. "डफ तुमचा. गळा माझा हाय."

आणि डफावाचून त्याने तीच दवंडी पुन्हा दिली. बाजाराच्या पार टोकाला बसलेल्या बांगडीवालीनेही ती ऐकली. राजा काय करणार? अख्खा बाजार साक्षीला होता.

त्या दिवशी घाणीच्या वाटेवर सटवाजीमागे पहिली पावले वाजली ती डफ हिसकावणाऱ्या शिपायाची.

"माझं नाव सांगावं लागंल का?" त्याने हळूच विचारले.

"तुला वाटलं तर," सटवाजी म्हणाला. "चल, गूळपाणी थांबलंय."

तात्पर्य : दुसऱ्याने चव्हाट्यावर मांडलेली लाज माणसाला बुडवते, आपल्या माणसांत आपल्याच तोंडाने सांगितलेले खरे त्याला तारते.