अक्कांचा आवाज

"मग सरकवू ना भिंत, बुवा?"

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. मठातल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे दोन कप्पे होते. एक काठोकाठ भरलेला, दुसरा रिकामा. मधली भिंत सरकवून भरलेल्याला जागा करून द्यायची, एवढंच काम.

एवढंच... पण सरकवताना काही चुकलं तर आतलं सगळं जायचं, आणि त्या भरलेल्या कप्प्यात अक्का होत्या. अच्युतबुवांच्या गुरू. जन्मात त्यांनी एक ओळ लिहिली नाही, नुसत्या बोलल्या. कॅसेटी बुरशीने खाल्ल्या. आता त्यांचा आवाज साऱ्या जगात या डिस्कवरच उरला होता.

दुपार कलली होती. नदीवरून आलेलं ऊन छताला हलत होतं, आणि बुवा त्याच्याकडे बघत बसले होते.

"दुसरीकडे उतरवून ठेवलंस?"

"कालच. बाहेरच्या डिस्कवर सगळं आहे. शंभर कॉम्प्युटर केलेत मी, बुवा. माझा हात थरथरत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बरं. मग इथलं पुसून टाक."

हेरंब हसला. बुवा हसले नाहीत.

"तुझ्याकडे आहे ना सगळं? पूस."

त्याने माऊसवर हात ठेवला... बोट काही खाली जाईना. उतरवून घेतलं होतं खरं, पण उघडून कुठे पाहिलं होतं?

त्याने बाहेरची डिस्क जोडली. निम्म्याच्या पुढे फायलींची नावं तेवढी होती. आवाज नव्हता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने दुसरी डिस्क आणली, सगळं पुन्हा उतरवलं, आणि या वेळी एकेक बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. अक्का बोलत, मध्येच खोकत, मांजराला हाकलत. त्यांच्यामागे नदी वाहत होती. पुढेपुढे ती नदी आतली की खिडकीबाहेरची, हे त्याला कळेना. आपण तपासायला बसलोय, हेही तो विसरला.

किती दिवस गेले, कुणी मोजलं नाही.

मग एका सकाळी, मध्येच वीज गेली तर असावी म्हणून बॅटरी जोडून, तो बुवांसमोर बसला.

"आता सरकवू?"

"हात थरथरतोय?"

हेरंबने हात पुढे केला. थरथरत होता. त्याला फार लाज वाटली.

बुवांनी तो हात आपल्या हातात धरला. बराच वेळ... मग उचलून माऊसवर ठेवला.

"आता सरकव."