वाळवीवाल्या आचार्यांचा वारसदार

“महाराज, मला आचार्यपदातून मोकळं करा,” असं भिवरा भर दरबारात म्हणाली आणि धुंडिराज महाराजांच्या मिशा ताठ झाल्या.

भिवरा ही बुरुडाची लेक. बापाच्या टोपल्या वाळवी फस्त करायची, म्हणून ती लहानपणीच वाळवीच्या मागे लागली आणि पुढे तिला त्याचं वेडच लागलं. गावामागच्या टेकडीवर वारुळांपाशी बसून तिने त्या किड्यांचा सगळा संसार समजून घेतला. मग एकदा महाराजांचं सिंहासन आतून पोखरलं गेलं आणि महाराज भर दरबारात जमिनीवर आले. नवं सिंहासन वाळवीपासून वाचवलं ते भिवराने. महाराज खूश झाले आणि त्यांनी तिला राजविद्यालयाची मुख्य आचार्या करून टाकलं. माणूस एखादं काम झकास करू लागला, की त्याला त्या कामावरून उठवून उंच खुर्चीत बसवायचं, ही मोठ्या लोकांची जुनीच खोड.

तेव्हापासून भिवराला वाळवी दिसली नव्हती. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी सत्कार, संध्याकाळी व्याकरणाचे शास्त्री आणि ज्योतिषाचे शास्त्री यांच्यात खिडकीजवळ कोणी बसायचं याचा तंटा. सत्काराचे नारळ घरात इतके साठले होते, की दार उघडायला दोन माणसं लागत. बिचारी पार कंटाळून गेली होती.

“जा खुशाल,” महाराज म्हणाले. “पण आधी तुझ्या जागी माणूस दे. त्याने मला कधी नाही म्हणायचं नाही. माझी खुशमस्करी करायची नाही. आणि मला घाबरायचंही नाही. दसऱ्यापर्यंत असा माणूस सापडला, तर तो त्याच क्षणी आचार्य आणि तू मोकळी. नाही सापडला, तर जन्मभर तू याच खुर्चीत. आणि ती वारुळांची टेकडी सपाट करून तिथे मी सत्कारांसाठी सभागृह बांधणार. हा माझा शब्द.”

दिवाणजी हळूच भिवराच्या कानाशी लागले. “असा माणूस ब्रह्मदेवाने अजून घडवलेला नाही, आचार्याबाई.”

“घडवला असेल. कोणी तपासला नसेल,” भिवरा म्हणाली. म्हणाली खरी, पण टेकडीच्या पायथ्याशी कुदळी-फावडी येऊन पडलेली दिसली, तेव्हा ती दसऱ्यापर्यंतचे दिवस बोटांवर मोजू लागली.

दसऱ्याला दरबार गच्च भरला. भिवरा एकटीच आली.

“माणूस कुठाय?” महाराजांनी विचारलं.

“इथेच असावा. परीक्षा घेऊन बघते. त्यासाठी महाराजांना जरा गावं लागेल.”

महाराजांना गाण्याची भारी हौस. गळा मात्र असा, की त्यांनी आलाप घेतला की तबेल्यातले घोडे दावी तोडून पळत. महाराजांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि ते मनसोक्त गायले. दरबारानेही कानांवर हात ठेवले.

“दिवाणजी, गाणं कसं झालं?” भिवराने विचारलं.

“अहाहा! साक्षात गंधर्व!” कानातले कापसाचे बोळे लपवत दिवाणजी म्हणाले.

“खुशमस्करी. नापास. शास्त्रीबुवा, तुम्ही सांगा.”

शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, महाराजांकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांची पगडी थरथरत होती.

“भीती. नापास. राणीसाहेब, आपल्याला कसं वाटलं?”

“मला मेलीला काय विचारतेस?” राणीसाहेब पदर सावरत म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतेय. इकडून सूर लागला, की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतं. हे काही गाणं नव्हे.”

“भीती नाही, खुशमस्करी नाही. पण सरळ ‘नाही’ म्हणाल्या. नापास.” भिवरा सिंहासनाकडे वळली. “आता महाराज, आपलं मत?”

“माझं? फारच सुंदर गायलो मी आज,” महाराज म्हणाले.

“मनापासून?”

“अगदी मनापासून! मी कशाला खोटं बोलू?”

“म्हणजे खुशमस्करी नाही. महाराजांना ‘नाही’ही म्हणाला नाहीत. आणि महाराजांची भीती?”

“मला माझी कसली भीती?”

“मग सापडला,” भिवरा म्हणाली आणि महाराजांपुढे हात जोडून उभी राहिली. “आचार्य, उद्या सकाळी आपल्या हस्ते दीपप्रज्वलन आहे. दुपारी सत्कार. संध्याकाळी खिडकीचा तंटा.”

महाराजांचा चेहरा उतरला.

“छे, छे! मी नाही होणार आचार्य.”

“असा माणूस त्याच क्षणी आचार्य, हा महाराजांचा शब्द आहे,” भिवरा शांतपणे म्हणाली. “आता त्या शब्दाला आपण नाही म्हणत असाल, तर आपणही नापास. पण मग दिलेला शब्द महाराजांनीच मोडला, असं होईल.”

आधी राणीसाहेब फसकन हसल्या. मग महाराजांच्या मिशा हलू लागल्या, मग पोट हलू लागलं, आणि शेवटी सिंहासनच गदगदा हलायला लागलं.

“हरलो,” डोळे पुसत महाराज म्हणाले. “होतो आचार्य, दुसरा सापडेपर्यंत. टेकडी तुझी, भिवरा. वारुळांसकट, कायमची. जायला माझी पालखी घेऊन जा.”

भोई पालखी घेऊन दाराशी आले, तोवर भिवरा वेशीपार पोचली होती. ती पदर खोचून भराभरा टेकडीकडे चालली होती आणि महाराजांची रिकामी पालखी तिच्यामागून धावत होती.