पाचरीच्या विटांची विहीर

फार पूर्वी एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं नांदत होती. अलीकडचं खडकाळ, पलीकडचं मऊ मातीचं. दोघांत वैर नव्हतं, पण जाणंयेणंही नव्हतं. पलीकडची माणसं अळणी जेवतात, असं अलीकडे म्हणत. अलीकडची माणसं उभ्यानंच झोपतात, असं पलीकडे म्हणत.

अलीकडच्या राज्यात एक मोठी पाठशाळा होती. तिथे आचार्य विश्वधर दगडी विहिरी बांधायला शिकवत. त्यांच्या विहिरी कितीही खोल गेल्या तरी ढासळत नसत.

एके दिवशी पलीकडून नावेनं एक मुलगी आली. तिचं नाव शाल्मली, कुंभाराची लेक.

"आमच्याकडे वरचं पाणी मचूळ आहे," ती आचार्यांना म्हणाली. "गोडं पाणी खोल लागतं, पण तिथवर खणलं की माती कोसळते. गेल्या उन्हाळ्यात माझा काका विहिरीत गाडला गेला. मला शिकवा."

आचार्यांनी तिला ठेवून घेतलं. आधी भाषेची पंचाईत झाली. तिनं ओळंबा मागितला की मुलं घमेलं आणून देत, आणि मग सगळेच हसत. पण मुलगी चिकाटीची होती. बघता बघता ती सगळ्यांच्या पुढे गेली.

एकच पाठ उरला, विहिरीचे चिरे घडवण्याचा. परराज्यातल्यांना हा पाठ द्यायचा नाही, असा पाठशाळेचा जुना नियम होता. आचार्यांना तो मोडवेना. त्यांनी शाल्मलीला बोलावून म्हटलं, "मुली, तुझं शिक्षण झालं. आता घरी जा."

"आपण नियमानं बांधलेले आहात, हे मला ठाऊक आहे गुरुजी," ती म्हणाली. "एवढंच सांगा. मला येतं तेवढ्यावर मी विहीर बांधली, तर ती टिकेल?"

आचार्यांना खोटं बोलवेना. "नाही टिकणार."

"मग मी बांधणार नाही. आणखी कुणी त्यात गाडलं जायला नको." तिनं वाकून नमस्कार केला आणि ती गाठोडं बांधायला गेली.

आचार्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलीनं नियमाला बोल लावला असता, तर त्यांना सोपं गेलं असतं. संध्याकाळी ते स्वतःच घाटावर गेले आणि तिला माघारी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी तिला तो पाठ दिला. चिरा पाचरीसारखा घडवायचा, बाहेरून रुंद, आतून अरुंद. मग माती जितकी दाबेल, तितके चिरे एकमेकांना घट्ट धरतात.

"आणि मीही तुझ्याबरोबर येतो," ते म्हणाले.

सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आचार्यांनी शिष्येच्या दारी जायचं?"

"विहीर उभी राहते का, ते बघायला नको?" आचार्य म्हणाले आणि नावेत जाऊन बसले.

पण पलीकडे भलतंच घडलं. नावांतून नेलेले चिरे स्वतःच्याच भारानं चिखलात खचू लागले. अशी माती आचार्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते खाली मान घालून बसले.

शाल्मली त्यांच्याशेजारी बसली. मूठभर चिखल हातात मळत ती म्हणाली, "गुरुजी, आकार आपलाच ठेवू. पण दगडाऐवजी विटा भाजू. त्या हलक्या असतात."

पहिल्या भट्टीतल्या विटा आकसून वेड्यावाकड्या निघाल्या. माती भाजताना किती आकसते, हे आचार्य शाल्मलीच्या वडलांकडून शिकले, कोपरापर्यंत चिखलात हात घालून. दुसऱ्या भट्टीतल्या विटा नेमक्या बसल्या. विहीर खोल गेली, उभी राहिली, आणि गोडं पाणी लागलं. पहिला तांब्या शाल्मलीनं आपल्या विधवा काकूच्या हाती दिला. काकू किती तरी वेळ प्यायलीच नाही, नुसती पाण्याकडे बघत राहिली.

आचार्य परतले ते कुंभारांना बरोबर घेऊनच. अलीकडच्या राज्यातही काठालगतच्या गावांत जमीन मऊ होती आणि तिथल्या दगडी विहिरी वर्षानुवर्षं खचत होत्या. आता तिथेही विटांच्या विहिरी उभ्या राहिल्या. पाठशाळेनं तो जुना नियम काढून टाकला. दर साल नावा भरून मुलं अलीकडे येऊ लागली, तशीच पलीकडे जाऊ लागली.

पुढे एका दूरच्या वाळवंटी देशातून एक तरुण आला. त्यानं चाचरत विचारलं, "आचार्य, मला सगळं शिकवाल?"

"शिकवीन की," आचार्य हसून म्हणाले. "फक्त तुझ्या देशाला निघशील तेव्हा मला सांग. मलाही यायचंय."

तात्पर्य: शेजाऱ्याला हातचं न राखता शिकवणारा स्वतःही त्याच्याकडून शिकतो, आणि त्याची विद्या तिथेच पुरी होते.