बुरूडआळीतला बुधला

सोनवडच्या राजाने दवंडी पिटवली. उद्यापासून बाजारात बुधल्यापेक्षा कमी तेल कुणी विकायचं नाही. पळीने तेल विकताना जो सापडेल, त्याच्या दुकानाला टाळं!

बुधला म्हणजे महिनाभर पुरेल एवढ्या तेलाचं भांडं. बुरूडआळीत टोपल्या विणणाऱ्यांनी आजवर एकदाही बुधला घरी नेला नव्हता. त्यांचं तेल रोज संध्याकाळी सगुणा तेलिणीच्या दुकानातून पळीपळीने जायचं आणि सगुणाचं घरही त्याच पळीवर चालायचं. दवंडी ऐकताच ती पदर खोचून थेट दरबारात गेली.

राजा उदयभान माणूस वाईट नव्हता. एकदा म्हटलं की म्हटलं, एवढाच त्याचा रोग.

"अगं, तुमच्याच भल्यासाठी आहे हे," तो म्हणाला. "आमच्या मार्तंडशास्त्र्यांनी गरिबांच्या खरेदीचा अभ्यास केलाय. सांगा हो शास्त्रीबुवा."

शास्त्रीबुवांनी महिनाभर समोरच्या माडीच्या खिडकीत बसून सगुणाच्या दुकानावर नजर ठेवली होती. आळीत मात्र ते एकदाही उतरले नव्हते. तिथे चिखल फार. त्यांनी घसा खाकरला.

"पळीने घेतलेलं तेल बुधल्याच्या तेलापेक्षा महाग पडतं. तरी हे लोक रोज पळीनेच घेतात. यावरून सिद्ध होतं की गरिबाला पुढचा विचार करता येत नाही. तो राज्यानेच करायला हवा."

"पळीने का घेता, असं विचारलंत का त्यांना?"

"अडाण्यांना विचारून कुठे अभ्यास होतो?"

"खिडकीतून बघून तरी कुठे झालाय?" सगुणा म्हणाली.

दरबारी माना खाली घालून हसले. राजाला ते झोंबलं.

"फार शहाणी आहेस ना? मग ऐक. उद्या दिवेलागणीपर्यंत मला माझ्या तोंडाने पळीभर तेल मागायला लाव. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही. माझ्या कमरेला मोहरांची थैली असेल, म्हणजे पैसे नव्हते म्हणून मागितलं, असंही म्हणता यायचं नाही. मी मागितलं तर हुकूम रद्द. नाही मागितलं तर पहिलं टाळं तुझ्या दुकानाला."

सगुणाने पदर पुन्हा घट्ट खोचला.

"मान्य आहे, महाराज. फक्त उद्याचा दिवस आमच्या आळीत राहायचं, साध्या कपड्यांत, शेजाऱ्यासारखं. सोबत भरलेला बुधला आणायचा आणि आळीची रीत पाळायची."

"कसली रीत?"

"घरात तेल असलं, तर दारात आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही."

"एवढंच?" राजा हसला. "वाटीवाटीने कधी बुधला संपतो होय!"

सकाळी जाडंभरडं धोतर नेसून, खांद्यावर बुधला घेऊन राजा आळीत शिरला आणि एका रिकाम्या घरात उतरला. हत्तीवरच्या राजाला सगळ्यांनी पाहिलं होतं, पायी चालणाऱ्याला कुणी ओळखलं नाही. बुधला मात्र सगळ्या आळीने ओळखला.

घटकाभरातच कोंडाबाई वाटी घेऊन आली. "भाऊ, लेक बाळंत झालीय. बाळाला चोळायला जरा तेल देता?" राजाने ऐटीत वाटी काठोकाठ भरली. मग तानबा आजोबा आले. बांबूच्या कामट्यांनी त्यांची बोटं फाटली होती. त्यानंतर एकीकडे पाहुणे आले, दुसरीकडे कुणाचा कान दुखू लागला. दुपारी राजाला सडकून भूक लागली, तर कोंडाबाईने न मागता भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं. आता तिची जाऊ वाटी घेऊन आली, तिला काय म्हणून नाही म्हणायचं?

उन्हं कलली तशी राजाची ऐट उतरली. लांबून वाटी दिसली तरी तो बुधला पाठीमागे सरकवी. शेवटी त्याने बुधला टोपलीखाली झाकला आणि वर स्वतः बसला.

"का हो भाऊ, पाट नाही का घरात?" तानबा आजोबांनी विचारलं. त्यांच्या हातात पुन्हा वाटी होती, या वेळी शेजारच्या आंधळ्या म्हातारीसाठी. राजा शरमून उठला. बुधला उलटा धरला तेव्हा जेमतेम वाटी भरली.

दिवेलागण जवळ आली. घरोघरी वाती सारख्या करायला बायका बसल्या आणि राजाची पणती कोरडी. कमरेची थैली चाचपत तो सगुणाच्या दुकानाशी गेला.

"बुधला दे," तो रुबाबात म्हणाला.

सगुणाने भरलेला बुधला पुढे केला. राजाने हात लांबवला आणि सहज मागे वळून पाहिलं. आळीच्या तोंडाशी कोंडाबाई उभी होती. तिच्या मागे आणखी दोघी होत्या. तिघींच्या हातात वाट्या.

राजाने हात मागे घेतला.

"नको," तो हळूच म्हणाला. "हा नेला तर उद्या संध्याकाळी पुन्हा इथेच यावं लागेल. मला आपलं पणतीपुरतं दे. पळीभर."

सगुणाने पळीला हात लावला नाही. "पळीने विकायची बंदी आहे, महाराज. गरिबाला पुढचा विचार करता येत नाही म्हणतात. तुम्ही आत्ता मागितलंत ते पुढचा विचार करून, की न करता?"

राजाला जे हसू फुटलं, ते आवरेना. पोट धरून तो दुकानाच्या पायरीवर बसला. हा नवा शेजारी वेडा झाला की काय, म्हणून सगळी आळी गोळा झाली.

"हरलो!" डोळे पुसत राजा म्हणाला. "हुकूम रद्द. आणि सगुणाबाई, यापुढे बाजाराचा कुठलाही हुकूम निघायचा असेल, तर तो आधी या पायरीवर वाचला जाईल. तुम्ही मान डोलावलीत, तरच शिक्का."

मोहरांची थैली त्याने फळीवर ठेवली आणि पणती पुढे केली. सगुणाने ती पळीने भरली. दुसऱ्या दिवशी मार्तंडशास्त्री खांद्यावर बुधला घेऊन महिनाभराच्या मुक्कामाला बुरूडआळीत हजर झाले. राजाचा हुकूमच होता तसा.